पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली तर ऑपरेशन चालू असताना दुखतं का? आईसाठी पूर्ण भूल मागावी का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६६, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, पुढच्या आठवड्यात उजवा गुडघा बदलायचाय आणि डॉक्टर पाठीत इंजेक्शन देऊन भूल देणार आहेत. सिडकोतल्या शेजारच्या काकूंनी सांगितलं की त्या इंजेक्शनने पाठ कायमची जाते आणि मध्येच भूल उतरली तर सगळं कळतं. म्हणून पूर्ण भूल मागावी का, हा तुमचा प्रश्न. जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: "आई म्हणते, कशीही भूल द्या, मी सोसेन." मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी भूलतज्ज्ञ आहे. नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका या भागांतल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत भूल देते. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांचाच. पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. ऑपरेशन चालू असताना दुखायला नको, आणि दुखलंच तर त्यावर तिथल्या तिथे उपाय असतो. पाठ कायमची जात नाही. आणि पूर्ण भुलीचा हट्ट धरू नका.

आता नेमकं काय होतं ते सांगते, कारण निम्मी भीती माहिती नसल्याची असते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेल्यावर आधी हाताला सलाईन लागतं, छातीला ईसीजीच्या पट्ट्या, दंडाला बीपीचा पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. मग आईला टेबलाच्या कडेला बसवतील. मांडीवर उशी देतील, ती पोटाशी घट्ट धरायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि मांजर पाठ फुगवते तशी कंबर मागे काढायची. ओटीतल्या मावशी किंवा सिस्टर समोरून खांदे धरून उभ्या राहतात. पाठीवरून गार औषध फिरतं. त्या गारव्यानेच पुष्कळ जणी दचकतात, म्हणून मी आधी सांगून मगच हात लावते. पुढे कातडी बधीर करायची बारीक सुई, ती टोचते आणि क्षणभर चुरचुरते. टोचल्याचं दुखणं म्हणावं तर एवढंच. त्यानंतरची सुई दाब म्हणून कळते. ती योग्य जागी पोचली की मागच्या टोकाशी नितळ थेंब येतो, आणि मग जेमतेम तीन मिलिलिटर औषध हळूहळू आत जातं. वयस्कर माणसांच्या मणक्यांमधल्या फटी अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे कधी दोनदा-तीनदा जागा शोधावी लागते. त्यावेळी घाबरायचं नाही, अंग हलवायचं नाही, काही वाटलं तर तोंडाने सांगायचं.

सुईने मज्जारज्जूला इजा होईल अशी भीती पुष्कळांना असते. मोठ्या माणसांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही सुई घालतो त्याच्या खाली, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधल्या फटीत. तिथे द्रवात तरंगणाऱ्या नसा असतात, सुई आली तर त्या बाजूला सरकतात.

औषध गेल्यावर लगेच तळपाय गरम वाटायला लागतात, मग मांड्या जड होतात, आणि थोड्या वेळाने पाय उचलायला सांगितला तर उचलत नाही. मी स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावते, "गार लागलं?" मग मांडीला, मग पोटाला. खांद्यावर गार आणि मांडीवर नुसता स्पर्श, असं झालं की चिमटा काढून पाहते. हे सगळं समाधानकारक झाल्याशिवाय सर्जन सुरी लावत नाहीत.

एक गोष्ट आईला आवर्जून आधी सांगा. दुखणं बंद झालं तरी दाबल्याचं, ओढल्याचं, हलवल्याचं थोडंफार कळू शकतं. ज्याला हे माहीत नसतं तो पहिल्या स्पर्शालाच घाबरतो आणि "भूल लागलीच नाही" असं समजून बसतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये भर पडते ती आवाजांची. हाड कापायचा करवतीचा आवाज येतो, हातोडीचे ठोके पडतात, टेबल हादरतं. पायात काही दुखत नसतं, पण डोक्याशी ते सगळं ऐकू येत असतं. यासाठी सलाईनमधून गुंगीचं औषध देता येतं. बऱ्याच जणी मग झोपूनच जातात. आईला हरिपाठ किंवा अभंग ऐकत पडायचं असेल तर इअरफोन चालेल का, ते आधी विचारून ठेवा. मला स्वतःला ते फार आवडतं. कानात अभंग असला की पुष्कळदा बीपीही खाली येतं.

आता भूल पुरी लागली नाही तर? असं होतं, क्वचित होतं, पण होतं. औषध नेमक्या जागी पसरत नाही, एक बाजू राहते, किंवा ऑपरेशन लांबतं आणि परिणाम उतरायला लागतो. कधी मांडीला बांधलेला रक्त थांबवायचा पट्टा तास-दीड तासाने ठणकायला लागतो. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या रुग्णांना मी एक प्रश्न नेहमी विचारते: विंचू चावला होता का, किती वेळा? पूर्वी विंचू चावलेल्या काही रुग्णांमध्ये बधीर करणारं औषध कमी चालतं किंवा चालतच नाही, असे अनुभव भारतातल्या भूलतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलेत. हे औषध नसांमधले सोडियमचे मार्ग बंद करून काम करतं, आणि विंचवाचं विषही त्याच मार्गांवर काम करतं. संबंध पुरता उलगडलेला नाही, पण प्रश्न विचारायला काही लागत नाही, आणि उत्तर "हो" आलं तर मी दुसरी तयारी हाताशी ठेवते. तुमच्या आईचं बालपण खेड्यात, शेतात गेलं असेल तर हे भूलतज्ज्ञांना सांगाच.

भूल कमी पडली तर सलाईनमधून वेदनाशामक देता येतं, गुंगी वाढवता येते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण भूल देता येते. पूर्ण भुलीचं यंत्र, औषधं, श्वासनलिकेत घालायची नळी, सगळं पाठीतल्या इंजेक्शनच्या वेळीही शेजारी तयारच असतं. भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जात नाहीत, ऑपरेशन संपेपर्यंत डोक्याशी बसून असतात. अट एकच, दुखतंय हे आम्हाला कळलं पाहिजे.

तुमच्या आईच्या वाक्याबद्दल मला बोलायचंय ते इथे. आपल्याकडच्या बायका सोसतात. बाळंतपणात सोसलेलं असतं, बागेत छाटणीच्या दिवसांत गुडघे सुजलेले असताना सोसलेलं असतं, आणि तीच सवय घेऊन त्या ओटीत येतात. माझ्याकडे अशा बायका आल्यात ज्यांचं आधीचं सिझेरियन कुठेतरी झालं, तेव्हा टाके घालताना दुखत होतं, त्यांनी हळूच सांगितलं, आणि "झालंच आता, थोडं सोसा" असं उत्तर मिळालं. त्यानंतर त्या ओटीच्या नुसत्या वासाने थरथरतात. त्या वेळी औषध देणं शक्य होतं. म्हणून तुमच्या आईला हे तुम्ही सांगा, मुलाने सांगितलेलं त्या ऐकतील: दुखलं तर लगेच, मोठ्याने सांगायचं. डॉक्टरांना त्रास नको म्हणून गप्प राहायचं नाही.

गप्प माणसाला दुखत नाही, हा समज डॉक्टरांमध्येही होता. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांवर, विशेषतः दिवस पुरे न भरलेल्या बाळांवर, अगदी हलक्या भुलीत मोठाली ऑपरेशनं होत. एवढ्या लहान जिवाला वेदना कळत नाहीत आणि जोरकस औषध त्याला झेपणार नाही, अशी समजूत होती. मूळचे भारतातले डॉ. कंवलजीत सिंग आनंद तेव्हा ऑक्सफर्डमध्ये काम करत होते. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन होणाऱ्या अशा बाळांपैकी काहींना त्यांनी नेहमीच्या भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, बाकीच्यांना नेहमीचीच भूल. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीही कमी झाल्या. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि जगभर बाळांना भूल द्यायची पद्धत बदलली. बाळ बोललं नव्हतं, त्याचं रक्त बोललं. मी ओटीत नवीन येणाऱ्या मुलामुलींना हे नेहमी सांगते.

पाठ कायमची जाते का, याचं उत्तर. सुई टोचली तिथे दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. त्यापलीकडे, महिनोन् महिने टिकणाऱ्या पाठदुखीचा या इंजेक्शनशी संबंध तपासणीत दिसलेला नाही. मग एवढ्या बायका "सिझेरियनच्या इंजेक्शनपासून पाठ धरली" असं का म्हणतात? नऊ महिने कमरेवर आलेला भार, नंतर बाळाला घेऊन वाकून बसणं, रात्रीची जागरणं, यांनी पाठ दुखते. नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांचीही दुखते. पण इंजेक्शन लक्षात राहतं, म्हणून खापर त्याच्यावर फुटतं.

खरा त्रास होऊ शकतो तो डोकेदुखीचा. सुईच्या भोकातून द्रव थोडा झिरपला तर बसल्यावर, उभं राहिल्यावर डोकं जोरात दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. ही भूल जर्मनीत कील इथे १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर यांनी पहिल्यांदा वापरली, आणि स्वतःच्या पाठीतही सुई घालून घेतली, तेव्हा ही डोकेदुखी त्यांना स्वतःलाच झाली. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आजच्या सुया अगदी बारीक, काहींचं टोक पेन्सिलीसारखं गोल असतं, त्यामुळे तंतू कापले न जाता बाजूला होतात. आता हा त्रास शंभरात एखाद्याला होतो, आणि तोही तरुणांना जास्त, आईच्या वयाला बराच कमी. झालाच तर पाणी, गोळ्या, आराम, आणि नाहीच थांबला तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी सोडून भोक बुजवता येतं. पाठीतली भूल घेतल्यावर थंडी वाजून अंग थरथरणं मात्र नेहमीचं आहे. त्यातून नाशकातला डिसेंबर-जानेवारी असेल तर विचारायलाच नको. गरम हवेचं पांघरूण आणि औषध दोन्ही असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पूर्ण भुलीबद्दल थोडक्यात. तीही आज खूप सुरक्षित आहे. मध्येच जाग येण्याची भीती वाटत असेल तर, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत (अहवाल २०१४ चा) साधारण १९,००० भुलींमागे एका रुग्णाने तशी तक्रार स्वतःहून केली होती. पण गुडघ्यासाठी पाठीतली भूल बहुतेक वेळा बरी पडते. श्वासनलिकेत नळी लागत नाही, शुद्धीवर येताना मळमळ कमी, आणि पहिले काही तास पाय बधीरच असल्याने दुखण्याशी झगडत जागं व्हावं लागत नाही. पूर्ण भूल लागू शकते ती रक्त पातळ करायच्या ठरावीक गोळ्या चालू असतील, मणक्याचं जुनं ऑपरेशन असेल, इंजेक्शनच्या जागी जंतुसंसर्ग असेल, हृदयाच्या झडपेचा विशिष्ट आजार असेल तर. आणि रुग्णाला स्वतःला पाठीत सुई नकोच असेल तरही. तोही मान्य करण्यासारखा मुद्दा आहे, मात्र तो रुग्णाचा स्वतःचा हवा, शेजारच्या काकूंचा नको.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला जाताना आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. "एक पांढरी आणि एक गुलाबी" असं सांगून आम्हाला काही कळत नाही. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागू शकते. पण स्वतःच्या मनाने थांबवू नका, हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. तुमच्याकडे आठवडाच आहे, म्हणून याबद्दल आजच फोन करा. शुगरच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, साधारण ३ दिवस आधी बंद करतात, त्याबद्दलही विचारा. मिश्री, तंबाखू लपवू नका. बाग असेल आणि फवारणी केली असेल तर तेही सांगा. ऑरगॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं अंगात गेली असतील तर पूर्ण भुलीत स्नायू सैल करायचं एक औषध नेहमीपेक्षा फार लांबतं. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना मी हे न चुकता विचारते. नखांचं पॉलिश काढा.

उपाशी राहण्याचा हिशोब: साधं हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं किंवा मटण-चिकन ८ तास, आणि साधं पाणी साधारणपणे २ तास आधीपर्यंत चालतं. हॉस्पिटलने सांगितलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. दुधाचा चहा पाण्यात धरू नका, तो खाण्यात मोडतो. पहाटे "घोटभर चहा आणि दोन बिस्किटं" घेतलेली आजी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचते आणि मग ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, कारण पोटातलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. आईला शुगर आहे, तेव्हा सकाळचा पहिला नंबर मागा, आणि सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही ते लिहून घ्या.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते, नंतरचं दुखणं. खरी लढाई तिथे आहे. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन नंतर चांगलंच दुखतं. पाठीतलं औषध काही तासांत उतरतं आणि मग एकदम कळ येते. म्हणून ते उतरायच्या आधीच पुढची औषधं सुरू झालेली हवीत. सोनोग्राफीत बघून मांडीतल्या नसेजवळ औषध सोडता येतं. त्याने गुडघ्याची कळ कमी होते आणि मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, त्यामुळे आधार घेऊन चालता येतं. ही सोय तुमच्या हॉस्पिटलमध्ये आहे का ते आत्ताच विचारा. जोडीला ठरावीक वेळांनी पॅरासिटामॉल, आणि किडनी चांगली असेल तर थोडे दिवस सूज उतरवणाऱ्या गोळ्या. शुगर-बीपीमुळे आईचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघूनच त्या ठरतील. ट्रॅमाडॉलसारखं औषध लागलं तर मळमळ आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं, तेही सांगायचं म्हणजे औषध बदलता येतं. चार-आठ दिवस वेदनाशामक घेतल्याने सवय लागेल या भीतीने आईच्या गोळ्या तुम्ही कमी करू नका.

दुखणं सोसल्याने काय होतं ते मी वॉर्डात बघते. माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, फुप्फुसात कफ साठतो. उठत नाही, पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. गुडघा वाकवत नाही, तो आखडतो, आणि एवढा खर्च करून बदललेला सांधा अर्धामुर्धा चालतो. रात्री झोप नाही, वयस्कर माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं आणि घरचे घाबरतात.

दहापैकी किती दुखतंय, असं सिस्टर विचारतात. आईच्या पिढीला हे जमत नाही. मी विचारते, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर येतं, "बारा आणे." औषध दिल्यावर तासाभराने परत विचारते, "आता?" "चार आणे राहिलंय." माझं काम झालं. कधी म्हणतात "बरंय", आणि पाय हलवायला सांगितला की चेहरा आक्रसतो, दुसरा हात चादर घट्ट धरतो. तेव्हा मी शब्दांवर जात नाही. तुम्हीही तेच बघा: आईला कूस बदलता येतेय का, जोरात खोकता येतंय का, टाच गादीवरून घसटत मागे घेता येतेय का. येत नसेल तर सिस्टरना बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. फिजिओथेरपिस्ट यायच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असू द्या. आणि गोळ्या घालूनही कळ वाढतच चालली, पोटरी सुजून टणक लागली, श्वास लागला, भूल उतरायची वेळ होऊन गेल्यावरही पाय हलत नसला किंवा लघवी होत नसली, तर वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा.

तपासणीच्या दिवशी आईला स्वतःलाच भूलतज्ज्ञांसमोर बसवा. बहुतेक घरांत मुलगा नाहीतर सून सगळी उत्तरं देते आणि जिला ऑपरेशन करायचंय ती बाजूला गप्प बसते. प्रश्न आईला विचारू द्या, वेळ लागला तरी. विंचवाचं, मिश्रीचं, मागच्या वेळी टाके घालताना दुखलं होतं त्याचं, हे तुम्हाला माहीतही नसेल.